यादीबाहेरची झोळी

बडोदे, ९ मे १९३७

चि. सौ. मंदाकिनीस,

थोरल्या जावेनं धाकटीला आधी आशीर्वाद लिहायचे असतात, म्हणून लिहिते. मनात राग आहे, तोही याच पाकिटातून पाठवते आहे. दोन्ही घे.

तू नवसारीला माहेरी निघून गेलीस ते मला घरी आल्यावर कळलं. गिरणीतून आले तर चूल थंड, कुसुमची झोळी सोडून घडी करून कोनाड्यात ठेवलेली, आणि वसंतभाऊजी ओट्यावर बसून लगामाला तेल लावत होते. लगाम आधीच चकचकीत होता. "मंदाकिनी कुठे?" म्हटलं तर म्हणाले, "गाडीत बसवून आलो." एवढंच. आजोबा सरकारी पागेत शिलेदार, नातू टांगा हाकतो. घराण्यात घोडा तेवढा उरला, आणि लगाम हे स्वतःच्याच तोंडाला घालून बसलेत.

कुसुम कशी आहे? नजर लावून बघते का? दूध ओढते का? एवढं तरी लिही, मग हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस.

दवाखान्यात तू मला जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. पोर दिवसभर उठली नव्हती, अफूच्या गोळीचं माप चुकलं होतं, तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला कळतं. गिरणीतली कोणती आई गोळी देत नाही? फाटकाबाहेर लिंबाखाली झोळीत पोर टाकायचं, आणि भोंगा होईपर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही. मग ते रडून रडून निळं पडण्यापेक्षा झोपलेलं बरं, असंच सगळ्या म्हणतात. म्हणून तर तू युनियन काढलीस. कामाच्या वेळात दोनदा बाहेर जाऊन पोराला पाजता यावं, एवढंच मागणं. मागणं सोन्यासारखं होतं गं. रीत चुकली.

चैत्रात तू गौरीचं हळदीकुंकू केलंस. युनियनची बैठक म्हटलं असतं तर चिमणाबाई नायकिणीनं, खात्यात काम वाटणारी तीच, सगळ्यांना घरी बसवलं असतं. (आईबापांनी तिचं नाव महाराणीसाहेबांचं ठेवलं, तेव्हापासून तिच्या डोक्यावर मुकुटच आहे.) हळदीकुंकवाला कोण हरकत घेणार? डोकं चालवलंस, नाही म्हणत नाही. सवाष्णी आल्या, पन्हं प्याल्या, हरभऱ्यांनी ओटी भरून घेतली आणि जाताना तुझ्या कागदावर अंगठे उठवून गेल्या. आंब्याची डाळ कोणी वाटली? मी. आतल्या खोलीत, दाराआड बसून. माझ्या कपाळाला कुंकू नाही, मी बाहेर येणं बरं दिसलं नसतं, आणि मीही आले नाही. रीत मलाही कळते.

पण बाई, आपल्या वाइंडिंग खात्यात बायका बॉबीन भरायला येतात कशाला? नवरा मेला म्हणून येतात! निम्म्याहून जास्त माझ्यासारख्या पांढऱ्या कपाळाच्या. त्यांना तू बोलावलंच नाहीस. आणि तोच कागद घेऊन दीनानाथराव मॅनेजरांपुढे उभी राहिलीस. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "खात्यातल्या निम्म्याहून अधिक बायका बरोबर असतील तर ती युनियन, बाई. नाहीतर ते हळदीकुंकू." कोणी तरी त्यांना सांगितलं होतंच.

तू घरी येऊन रडलीस आणि मी हसले. ते हसू तुला लागलं. मला तर ती डाळ वाटतानाच लागलं होतं, पण माझं कोण विचारतं?

असो. तुझं हिरवं लुगडं दोरीवरच राहिलं होतं, काढून ठेवलं आहे.

अहल्या


बडोदे, १४ मे

मंदाकिनी,

तुझं उत्तर नाही. नसू दे. काल अक्षय तृतीया झाली, ह्यांच्या नावानं पाण्याचा घट दिला. घरात कुसुमचा आवाज नाही तर पाण्याचा सुद्धा आवाज मोठा येतो. भाऊजी भाकरी करायला बसले होते. काळी झाली, तरी "बरी झालीय" म्हणत खाल्ली.

युनियनची बातमी आहे म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गिरणीत निरोप धाडला म्हणे, की पोरांच्या गोळीचं काय ते बघा. लगेच दीनानाथरावांनी तुझ्या युनियनमधल्या इंदिराला आणि आणखी दोघींना आत बोलावलं. पंखा चालू, खुर्च्या पुढे केल्या. म्हणाले, "तुम्ही निम्म्या नाही आहात, तेव्हा सगळ्या खात्याच्या वतीनं मी तुमच्याशी बोलणार नाही. पण तुम्ही जेवढ्या आहात तेवढ्यांपुरतं बोलतो." आणि कागद दिला. इंदिराला वाचता येत नाही, ती तशीच माझ्याकडे आली. सरकारनं मुलींना शाळा सक्तीची केली, दंड नको म्हणून बापानं मला पाठवलं, आणि आता अख्ख्या खात्याचे कागद माझ्याच कपाळी.

कागदात असं आहे: तुझ्या हळदीकुंकवाला जेवढ्या अंगठे देऊन गेल्या, तेवढ्यांच्या नावांची यादी. त्या यादीतल्या बायकांनी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पोराला पाजायला फाटकाबाहेर जावं. बाकीच्यांना मनाई. उद्या नवीन कोणी युनियनमध्ये आली तरी तिला ही सवलत नाही. एक जूनपासून सुरू. त्या दिवशी ज्या कामावर नसतील त्यांची जागा नायकीण दुसरीला देईल.

इंदिरा आनंदानं वेडी झाली होती. "अहल्यावहिनी, झालं की आपलं!" म्हणाली. आपलं? मी यादीत आहे का? मी कागद परत दिला आणि भांडी घासायला बसले. घासलेलीच पुन्हा घासली.

तुला रेवाबेन आठवते का? गुजरातीण, तरसालीहून पायी येते, माझ्या शेजारच्या मशीनवर असते. पौषात तिचा नवरा गेला आणि फाल्गुनात मुलगा झाला. "बापाला गिळून आला" म्हणतात त्याला. लिंबाखाली सगळ्यांच्या झोळ्या एका ओळीत, त्याची एकटी पलीकडे कुंपणाला बांधलेली असते, बाकीच्या पोरांवर त्याची सावली नको म्हणून. तुझ्या कुसुमची झोळी सगळ्यात सावलीत असायची, आठवतं ना? मी काही म्हणत नाही. तेव्हा मलाही काही वाटलं नव्हतं.

आज दुपारी माझ्याशी बोलता बोलता ती थांबली. पोलकं दोन्ही बाजूंनी भिजलेलं. म्हणाली, "अहल्याबेन, छोकरो त्यां रडे छे, ने दूध अहीं उतरे छे." पोर तिकडे रडतं आणि दूध इकडे उतरतं, हे न लाजता नुसतं सांगत होती, हात बॉबीनवर चालूच. फाटकापासून आपलं खातं किती लांब, तिला रडणं ऐकू येणं शक्य नाही. पण तिला ऐकू येतं.

आणि चिमणाबाईचं ऐक. तिनं आम्हा विधवांना बाजूला घेऊन सांगितलं, "त्या सवाष्णींच्या भानगडीत पडू नका. त्यांनी तुम्हाला दारात उभं केलं नाही. गुमान राहा, चांगलं सूत तुम्हाला देईन." चांगलं सूत म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तुटत नाही, गाठ मारावी लागत नाही, दिवसभरात किती तरी जास्त बॉबीन भरतात. मी घेतलं. हो, घेतलं! हात काय सुरेख चालले म्हणून सांगू. आणि मनात सारखं काही तरी टोचत राहिलं, लुगड्यात कुसळ अडकल्यासारखं.

कुसुमचं लिही गं. रागाचं राहू दे.

अहल्या


बडोदे, १९ मे

मंदाकिनी,

तुझं कार्ड आलं. भाऊजींनी ते माझ्या हातात दिलं, मग परत घेतलं, मग परत दिलं. त्यांना वाचता येतं, पण माझ्याकडून ऐकायचं होतं. "कुसुम बरी आहे. हसते. कागदावर अंगठे द्यायला सांगा, मिळतंय ते सोडू नका. माझं नाव यादीत आहे. एक तारखेच्या आत येते." मी दोनदा वाचून दाखवलं. "हसते" तिथे भाऊजी उठून घोड्याकडे गेले.

मी कोनाड्यातून झोळी काढली, धुतली, आढ्याला बांधली. रिकामीच झोका देऊन बघितली. माझ्या पोटी काही आलं नाही मंदाकिनी, तुला माहीत आहे. तुझी पोर झाली तेव्हा सुईणीच्या हातून पहिली मी घेतली. ती परत येणार म्हटल्यावर मला बाकी काही सुचेना. मी ठरवलं, सकाळी इंदिराला सांगायचं, डोळे मिटून अंगठा दे. रेवाबेनचं रेवाबेन बघून घेईल. जगात सगळ्यांचं कोणाला करता आलंय?

सकाळी हेच तोंडात घेऊन गेले. फाटकाशी रेवाबेन झोळी बांधत होती. बांधून झाली, आणि कमरेच्या पिशवीतून गोळी काढली. नखानं अर्धी केली. मग त्या अर्ध्यावर बोट ठेवून बघत राहिली, अजून थोडी तोडावी का तशीच द्यावी. तू त्या दिवशी असंच बघितलं असशील. मला तिथे उभं राहवेना. नायकिणीचं सूत, तुझं कार्ड, मॅनेजरांचा कागद, सगळ्यांचा एकदम इतका राग आला की मी कोणाशी भांडावं ते कळेना.

दीनानाथराव हुशार आहेत गं. थोड्यांना द्यायचं, म्हणजे बाकीच्या त्या थोड्यांचाच द्वेष करतील. आणि नव्या नावाला काही मिळणार नाही म्हटल्यावर युनियनमध्ये येईल कोण? आज निम्म्या नाही, तर जन्मात निम्म्या होणार नाही. त्यांनी तुझी चूक उचलली आणि तिच्यावर शिक्का मारला.

मग मी काय केलं ते ऐक. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून घरच्या कैऱ्या उकडल्या, गूळ घातला, वेलदोडा होता नव्हता तेवढा कुटला. घागरभर पन्हं भाऊजींनी टांग्यातून गिरणीच्या नळापाशी आणून दिलं. संध्याकाळी भोंगा झाल्यावर मी ओरडून सांगितलं, "ज्यांना तहान लागलीय त्यांनी या." कुंकवाचा करंडा नव्हता, हरभरे नव्हते. उन्हात सगळ्यांच्याच घशाला कोरड, कोण नाही म्हणतं? सवाष्णी आल्या, विधवा आल्या, रेवाबेन आली. चिमणाबाई सुद्धा लांबून बघून गेली. पन्ह्यानं तिच्या जिभेला पाणी सुटलं असणार, पण मुकुट आड आला.

सगळ्यांच्या हातात भांडी असताना मी म्हटलं, "इंदिरा, तुम्ही सगळ्या कागदावर अंगठा द्या. सोडू नका. पण यादीतल्या प्रत्येकीनं मला एक शब्द द्यायचा. फाटकाबाहेर गेलात की आपलं पोर पाजून झाल्यावर शेजारच्या झोळीतलंही पाजायचं. यादीबाहेरचं."

एकदम कलकलाट झाला. कोणाचं पोर, कोणती जात. एक म्हणाली, माझंच दूध मला पुरत नाही. एकीनं स्पष्टच सांगितलं, "त्या रेवाबेनचं? बापाला खाऊन आलेलं पोर अंगावर घेऊ? माझ्या पोराला काही झालं तर?"

रेवाबेनला मराठी कळतं. तिनं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "रहेवा दो, अहल्याबेन. अमे चलावी लइशुं." चालवून घेऊ म्हणे! गोळी देऊन चालवून घेणार.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात इंदिरा, जिला मी आजवर भित्री समजत होते ती, पन्ह्याचं भांडं एका घोटात रिकामं करून म्हणाली, "अहल्यावहिनी, चैत्रातली डाळ तुम्हीच वाटली होतीत ना? आम्ही सगळ्यांनी खाल्ली. कोणाला काही झालं का?"

माना खाली गेल्या. मी तोंड फिरवून घागर विसळायला लागले, कारण डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

शब्द सगळ्यांनी दिला नाही. चार-पाच जणींनी दिला. कागदावर अंगठे झाले. आणि यादीखाली, जिथे सवलत नाही तिथे, मी युनियनमधली म्हणून माझं नाव लिहिलं. अंगठा नाही, सही. मला पोर नाही, मला सवलत कशाला हवी?

अहल्या


बडोदे, २६ मे

मंदाकिनी,

दीनानाथरावांनी एक तारखेची वाट बघितली नाही, डॉक्टर पुन्हा विचारायला आले म्हणून सोमवारपासूनच सुरू केलं. हजेरी मात्र एक तारखेचीच बघणार आहेत. पहिल्या दिवशी काय झालं ते तुला सांगायलाच हवं.

सकाळी यादीतल्या बायका बाहेर गेल्या, मी त्यांच्यामागे. कशी गेले? पोट दुखतंय म्हणून. नायकिणीनं हातची बॉबीन काढून घेतली, पण सोडलं. इंदिरानं आपल्या मुलाला पाजलं, पदर सावरला, सरळ कुंपणापाशी गेली आणि ती एकटी झोळी उघडली. पोर जागं होतं. रेवाबेननं त्या दिवशी गोळी दिली नव्हती! शब्दावर विश्वास ठेवला होता बाईनं. इंदिरा तिथेच मातीत बसली आणि त्याला घेतलं. तो असा लागला की तिच्या तोंडून "अगं आई" निघालं.

चिमणाबाई धावत आली. "हे पोर यादीतलं नाही! ठेव खाली!"

इंदिरा बसल्या जागेवरून म्हणाली, "यादीत माझं नाव आहे. मला बाहेर जायची परवानगी आहे. कोणतं पोर घ्यायचं ते कागदात कुठे लिहिलंय?"

नायकीण मॅनेजरांकडे गेली. दीनानाथराव फाटकापर्यंत आले, चष्मा पुसला, कागद मागवला, उन्हात उभं राहून पुन्हा पुन्हा वाचला. बायकांची नावं होती, पोरांची नव्हती. त्यांना वाटलंच नव्हतं की एकीच्या अंगावर दुसरीचं पोर लागेल. खरं सांगू? आम्हालाही वाटलं नव्हतं. ते कागद घेऊन आत गेले. त्यांच्या घरीही नातू आहे म्हणतात.

मी आत जाऊन रेवाबेनला सांगितलं, "प्यायला." तिनं मान हलवली आणि सूत तोडलं. चांगल्या सुताला उगाचच गाठ मारत बसली, वर बघेना.

ज्यांनी शब्द दिला नव्हता त्यातल्या दोघींनी काल दुसऱ्यांच्या झोळ्या उघडल्या. कुंपणाची ती एकटी झोळी आता ओळीत बांधली आहे, कोणी बांधली ते कोणी सांगत नाही. आणि विधवा युनियनमध्ये यायला लागल्या आहेत. त्यांना काही मिळणार नाही हे माहीत असून येतात. अजून निम्म्या झालो नाही. होऊ की नाही कोण जाणे, नायकीण एकेकीला सूत दाखवून मागे ओढते आहे. माझं चांगलं सूत गेलंच. आता असं कुजकं देते की दिवसभर गाठीच मारते. बोटं सोलली आहेत, म्हणून अक्षर वाकडं.

आता तुझं दुसरं कार्ड. इंदिरानं तुला कळवलेलं दिसतं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेऊन. तू लिहितेस, "जाऊबाई, मी येते, पण ते पोर माझ्या अंगावर कसं घेऊ? कुसुम आत्ताच मरणाच्या दारातून आलीय. मला भीती वाटते."

भीती वाटते हे खरं लिहिलंस, म्हणून मीही खरं लिहिते. दवाखान्यात तू म्हणालीस, "तुमची नजर लागली माझ्या पोरीला. पांढऱ्या कपाळानं सारखं तिच्यावर झुकता." नर्स उभी होती, भाऊजी उभे होते. मी पोरीचे तळवे चोळत होते, ते चोळतच राहिले. हे मला त्या दिवसापासून गिळता येत नाही आणि ओकताही येत नाही. गोळी तू दिलीस असं मी एकदाही म्हणाले नाही. अजूनही म्हणत नाही. गोळी गिरणीनं दिली. पण नजर मात्र माझीच होती, नाही का?

भाऊजींनी काल घोड्याला खरारा करता करता पाठमोरं विचारलं, "वहिनी, तुम्ही तिला माफ केलंत का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग झोळी का बांधलीत?" लगाम सुटला एकदाचा त्यांच्या तोंडचा. मंदाकिनी, राग आहे आणि झोळीही बांधली आहे. दोन्ही खरं आहे. तू ये.

रविवारी ये, गिरणीला सुट्टी असते. भाऊजी टांगा घेऊन स्टेशनवर असतील. मी असेन, इंदिरा असेल, आणि रेवाबेन तरसालीहून तिच्या मुलाला घेऊन येईल. त्याला तिथेच तुझ्या मांडीवर देणार आहे. तू घ्यायचं का नाही ते तूच ठरव, मी जबरदस्ती करणार नाही, आशीर्वादही अडवून धरणार नाही.

पण त्याआधी माझं एक मागणं आहे. युनियनचं नाही, माझं एकटीचं, आणि मी काही निम्म्याहून जास्त नाही. गाडीतून उतरलीस की सामान राहू दे, हमाल बघेल. कुसुमला माझ्या हातात दे. सगळ्यांच्या देखत दे.

अहल्या